फुकटच्या प्रणालीचं वीजबिल

कॅनडातल्या कॅलगरी शहरातल्या एका प्रकल्पाचा २०१६ सालापर्यंत दर सहा महिन्यांनी सीडींचा एक संच टपालाने जगभर जायचा. किंमत साधारण ५० डॉलर. आत तीन सीडी, थोडी स्टिकरं, रंगीत चित्रांचं वेष्टन आणि एका सीडीवर चक्क एक गाणं. त्या सीडींवरचं सगळं इंटरनेटवर फुकट मिळत होतं. कुणी चोरून टाकलेलं नव्हे, बनवणाऱ्यांनीच राजरोस ठेवलेलं. तरी लोक आगाऊ पैसे भरत आणि पार्सलची वाट बघत बसत.

त्या संचात असायची 'ओपनबीएसडी' ही ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोजचे पैसे आपण लॅपटॉप घेतो तेव्हा त्याच्या किमतीतच मोजतो, त्यामुळे ते गेलेले कळतही नाहीत. ओपन सोर्स प्रणालींचा हिशेब निराळा असतो. त्यांचा सोर्स कोड उघड्यावर असतो. तो कुणीही वाचावा, बदलावा, शंभर यंत्रांवर चढवावा, विकावा, हरकत नाही. लिनक्स या कुटुंबातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. ओपनबीएसडी त्याची चुलत भावंडं म्हणावीत अशा 'बीएसडी' घराण्यातली. या घराण्याचा उगम कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात झाला.

फुकट वस्तूसाठी माणूस पैसे का देतो, हा प्रश्न ऐकायला विनोदी वाटतो. ज्यांना ती वस्तू चालू ठेवायची असते, त्यांच्यासाठी तो पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं शोधताना या छोट्या प्रकल्पाने जेवढे टक्केटोणपे खाल्ले तेवढे फार थोड्यांनी खाल्ले असतील.

प्रकल्पाची सुरुवातच भांडणातून झाली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि लहानपणी कॅनडात आलेला थिओ डी राड्ट हा 'नेटबीएसडी' या प्रणालीच्या संस्थापकांपैकी एक. स्वभाव फटकळ. सहकाऱ्यांशी बिनसलं, त्याला बाजूला व्हावं लागलं आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याने आपली वेगळी चूल मांडली. या चुलीवर एकच पदार्थ नीट शिजवायचा असं ठरलं : सुरक्षितता. जुना कोड ओळीनओळ वाचायचा आणि चुका शोधायच्या. त्या चुकीतून कुणी आत शिरू शकतो की नाही याची वाट न बघता ती दुरुस्त करायची. कुणाला ही तऱ्हा कंटाळवाणी वाटेल. आहेच ती.

कॅलगरीत असण्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. त्या काळात माहिती कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर अमेरिकेत कडक बंधनं होती. कॅनडात तसा जाच नव्हता. म्हणून जून १९९९ मध्ये दहा प्रोग्रॅमर कॅलगरीत एकत्र जमले आणि अमेरिकी कायद्याच्या कक्षेबाहेर बसून त्यांनी हे काम केलं. त्या जमण्याला त्यांनी 'हॅकेथॉन' म्हटलं. आज महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बक्षिसांचे मोठाले धनादेश हातात धरून ज्यांचे फोटो निघतात, त्या हॅकेथॉनचं हे मूळ. कॅलगरीत ना बक्षीस होतं, ना परीक्षक.

त्याच वर्षाच्या अखेरीस या मंडळींनी 'ओपनएसएसएच' जगापुढे ठेवलं. सामान्य वाचकाने हे नाव ऐकलेलं नसतं, पण त्याचा दिवस त्यावर चालतो. हिंजवडीतला एखादा सिस्टिम अॅडमिन सकाळी कामावर बसतो तेव्हा त्याचे सर्व्हर मुंबईत, सिंगापुरात किंवा अमेरिकेत असतात. तो काळ्या पडद्यावर 'एसएसएच' ही तीन अक्षरं आणि पुढे सर्व्हरचं नाव टाइप करतो. पलीकडचा सर्व्हर पहिल्यांदाच भेटत असेल, तर पडद्यावर अक्षरांची एक लांबलचक, अर्थहीन दिसणारी माळ येते. ती त्या सर्व्हरची ओळख. ही ओळख मान्य आहे का, असा प्रश्न येतो. तो 'यस' म्हणतो आणि पुढचं सगळं संभाषण कुलूपबंद होतं. मधल्या वाटेवर कुणी कान लावून बसलं तरी हाती भुस्सा. जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर, प्रत्येक मॅकमध्ये आणि २०१८ पासून विंडोजमध्येही हेच ओपनएसएसएच आहे. नेटवर्कची यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांनी ते आपल्या पेट्यांमध्ये घातलं. अँड्रॉइड फोनच्या पायाभूत लायब्ररीतही ओपनबीएसडीचा कोड आहे.

या कशाचेही पैसे कॅलगरीला मिळत नाहीत. परवान्यातच तसं लिहिलंय.

मग सीडी. एका सीडीवर काय कुठे ठेवायचं, या मांडणीचा कॉपीराइट डी राड्टने स्वतःकडे ठेवला होता. सॉफ्टवेअर मुक्त, पण त्या सीडीची हुबेहूब नक्कल करून विकायला मनाई. फुकट हवं असेल तर इंटरनेटवरून उतरवा; सीडी हवी असेल तर आमच्याकडूनच घ्या. ज्या काळात घरोघरी डायल-अप मोडेम कोकलत होते, त्या काळात ही सोय पैसे मोजावेत अशीच होती. शिवाय २००१ पासून प्रत्येक आवृत्तीबरोबर एक गाणं येऊ लागलं. त्या सहा महिन्यांत प्रकल्पाचं कुणाशी वाजलं, कुठल्या कंपनीने हार्डवेअरची माहिती द्यायला नकार दिला, यावर रचलेलं. वेष्टनावर चित्रांमधून पराक्रम गाजवणारा 'पफी' हा मासा असायचा. कोकणात केंड म्हणतात तो हाच. डिवचला की टम्म फुगतो. प्रकल्पाच्या स्वभावाला इतकं जुळणारं बोधचिन्ह शोधून सापडलं नसतं.

सीडी आणि टी-शर्ट विकून बरीच वर्षं गाडा चालला. पण गाडा चालणं वेगळं आणि हातात चार पैसे राहणं वेगळं.

मोठा पैसा एकदा दारात आला होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था 'डार्पा'. इंटरनेटचा पाया घालणारी तीच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मार्फत तिच्याकडून काही दशलक्ष डॉलरचं एक संशोधन अनुदान आलं आणि त्यातला मोठा वाटा ओपनबीएसडीच्या कामाला मिळत होता. अशात २००३ चा मार्च उजाडला, इराकवर बॉम्ब पडू लागले आणि डी राड्टने कॅनडातल्या 'ग्लोब अँड मेल' या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला मनातलं सांगून टाकलं. हे पैसे घेताना अवघडल्यासारखं होतं. आपल्याकडे आलेल्या रकमेपायी निदान अर्धं क्रूझ क्षेपणास्त्र बनायचं राहिलं असेल, अशी समजूत घालून घेतो, असा त्याचा सूर होता. ते छापून आलं आणि एप्रिलमध्ये अनुदानाचा नळ बंद झाला. पुढच्याच महिन्यात कॅलगरीत हॅकेथॉन ठरलेलं, सुमारे साठ प्रोग्रॅमरांच्या राहण्याची सोय केलेली.

डी राड्टने तोंड आवरायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच. पण ज्याचा खर्च एकाच दात्याच्या मर्जीवर चालतो, त्याचं तोंड त्या दात्याकडे गहाण पडतं, हे त्या प्रसंगाने जितकं उघडं केलं तितकं कुठल्याही भाषणाने झालं नसतं. हॅकेथॉन ठरल्याप्रमाणे पार पडलं.

२००६ मध्ये पुन्हा तोटा डोक्यावरून गेला. ओपनएसएसएच आपल्या उत्पादनांत घालून विकणाऱ्या बड्या कंपन्यांनी छदामही दिलेला नाही, हे डी राड्ट जाहीरपणे सांगत होताच. मदतीच्या हाकेनंतर फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला फाउंडेशनने १०,००० डॉलर दिले, 'गोडॅडी' या वेबसाइटांची नावं विकणाऱ्या कंपनीने आणखी १०,००० दिले. यातली मोझिला ही स्वतःच ना-नफा संस्था. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, कॅनडात 'ओपनबीएसडी फाउंडेशन' नोंदवलं गेलं. तोवर एखाद्या कंपनीच्या हिशेबनिसाला पैसे द्यायचेच असले तरी धनादेश एका माणसाच्या नावाने काढावा लागे, आणि कंपन्यांना ते पचत नाही. फाउंडेशन आल्याने ती अडचण गेली. पैसा मात्र आपोआप आला नाही.

आणि मग ते गाजलेलं वीजबिल.

२०१३ सरता सरता आणि २०१४ उजाडताना प्रकल्पाने सांगितलं की वर्षाला साधारण २०,००० डॉलरचं वीजबिल भरायला कुणी पुढे आलं नाही, तर दिवे मालवावे लागतील. हे बिल होतं डी राड्टच्या घरच्या तळघरातल्या यंत्रांचं. यंत्रं म्हणजे नवेकोरे, छान एकसारखे सर्व्हर नव्हेत. मांडण्यांवर रचलेला सगळा जुना बाजार : सनची स्पार्क यंत्रं, डिजिटल कंपनीची अल्फा, एचपीची जुनी धुडं, आणि १९७० च्या दशकात जन्मलेल्या 'व्हॅक्स' वंशातले संगणकसुद्धा. प्रत्येकाच्या वायरींचे झुबके, पंख्यांची घरघर. सतत ही यंत्रं संपूर्ण प्रणाली पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा घडवत. जुन्या संथ यंत्राला हे काम करायला दिवसचे दिवस लागतात, आणि तेवढा वेळ मीटर फिरत राहतो.

साहजिकच अनेकांनी शहाणपणाचे सल्ले दिले. ही अडगळ भंगारात काढा. दुसऱ्या एका नव्या यंत्रावर सॉफ्टवेअरनेच जुन्या यंत्राचं सोंग आणा. यंत्रं स्वस्त विजेच्या ठिकाणी हलवा. २०१४ साली व्हॅक्स कोण वापरतं?

फारसं कुणी नाही, हे प्रकल्पालाही ठाऊक होतं. पण त्यांचा मुद्दा वेगळा होता. प्रोग्रॅमरने केलेली चूक प्रत्येक यंत्रावर सारखी दिसत नाही. उदाहरणार्थ, आपल्या रोजच्या इंटेल यंत्रावर एखादी संख्या मेमरीत वेड्यावाकड्या जागी ठेवली, तरी यंत्र सांभाळून घेतं आणि काम पुढे रेटतं. स्पार्कवर तोच प्रोग्रॅम त्या ओळीवर धाडकन कोसळतो. संख्येचे बाइट कुठल्या टोकाकडून मांडायचे, याच्याही दोन परंपरा आहेत. एकीत न दिसलेली चूक दुसरीत लगेच उघडी पडते. त्यामुळे हे विक्षिप्त म्हातारे म्हणजे चुका पकडण्याचं साधन होतं. सोंग आणणाऱ्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवावा, तर ते सोंग बारीकसारीक बाबतीत खऱ्यासारखं वागेलच असं नाही. सल्ला देणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही, पण या बाबतीत तळघराची बाजू अधिक पटते.

हाक दिल्यावर काही दिवसांतच जगभरातून लहान-मोठ्या रकमा येऊ लागल्या. बिटकॉइनच्या धंद्यातल्या मिर्चा पोपेस्कू या रोमानियन माणसाने एकट्यानेच २०,००० डॉलर देऊन टाकले. फाउंडेशनने वर्षासाठी दीड लाख डॉलरचं लक्ष्य ठेवलं होतं, तेही गाठलं गेलं.

त्याच सुमारास एक अपघातही घडला. ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' नावाची चूक जाहीर झाली. बँकांपासून दुकानांपर्यंतच्या वेबसाइटांवर जे कुलपाचं चिन्ह दिसतं, त्यामागे फार ठिकाणी 'ओपनएसएसएल' ही लायब्ररी काम करते. तिच्यातल्या भोकातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड आणि किल्ल्या बाहेरच्याला वाचता येत होत्या. चौकशी सुरू झाली तेव्हा लोकांना धक्का बसला तो चुकीपेक्षा तिच्यामागच्या दारिद्र्याचा. अब्जावधींची उलाढाल ज्या लायब्ररीवर चालते, तिला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलरच्या, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक. ओपनबीएसडीच्या लोकांनी तो कोड हातात घेतला, त्याची वेगळी आवृत्ती काढून तिला 'लिबरएसएसएल' नाव दिलं आणि पहिल्या आठवड्यातच त्यातल्या नव्वद हजारांहून अधिक ओळी कापून फेकल्या. वीजबिलाची भ्रांत असलेल्यांनी शेजाऱ्याचं घर झाडायला घेतलं, असाच तो प्रकार. इकडे गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अॅमेझॉन यांना एकाएकी जाग आली आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली अशा दुर्लक्षित प्रकल्पांसाठी निधी उभा राहिला.

२०१५ मध्ये तर मायक्रोसॉफ्ट ओपनबीएसडी फाउंडेशनच्या 'गोल्ड' देणगीदारांच्या यादीत झळकली, म्हणजे वर्षाला किमान २५,००० डॉलर. विंडोजमध्ये ओपनएसएसएच आणायचं त्यांनी नुकतंच ठरवलं होतं. स्मार्टिसान ही चीनमधली त्या मानाने छोटी फोन कंपनी लाखभर डॉलरच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. जिच्या तिजोरीपुढे मायक्रोसॉफ्टचा एक दिवसाचा चहापाण्याचा खर्च मोठा ठरावा, तिने जास्त द्यावं, हे या क्षेत्राला साजेसंच.

ओपनबीएसडीची गोष्ट टोकाची आहे. इतरांनी आपापले मार्ग काढले. उबुंटू लिनक्सच्या मागे मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेतला धनिक उभा होता. २००४ पासून २०११ पर्यंत मागेल त्याला त्याची सीडी फुकट टपालाने घरपोच यायची, भारतातही, टपालखर्चसुद्धा नाही. २०१२ मध्ये मात्र उबुंटूच्या डाउनलोडच्या पानावर सरकपट्ट्या आल्या : इतके डॉलर डेस्कटॉपसाठी, इतके फोनसाठी, हवं तर शून्य. लिनक्स मिंट दर महिन्याला देणाऱ्यांची नावं आणि जमलेली रक्कम छापते. 'एलिमेंटरी ओएस'च्या मंडळींनी २०१५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा दिसलं की आठशेत एखादाच माणूस पैसे देतो. वैतागून त्यांनी लिहिलं की न देणारे एक प्रकारे लबाडी करताहेत. त्यावर एवढा गहजब झाला की शब्द मागे घ्यावे लागले. खरं तर त्यांचा वैताग रास्त होता, पण स्वतःच परवान्यात 'फुकट घ्या' लिहून देणाऱ्याला घेणाऱ्यावर डोळे वटारता येत नाहीत.

पैसे नसण्याने जसं भांडण होतं, तसं पैसे असण्यानेही होतं. डेबियन ही हजारभर स्वयंसेवकांनी उभी ठेवलेली लिनक्स प्रणाली. उबुंटूसुद्धा तिच्यावरच बेतलेली. २००६ मध्ये नवी आवृत्ती रखडत होती. ती डिसेंबरात वेळेवर यावी म्हणून काही जणांनी, त्यांत तेव्हाचे प्रकल्पप्रमुखही होते, 'डंक-टँक' नावाचा निधी उभारला आणि आवृत्तीची जबाबदारी असलेल्या दोघांना महिनाभर पूर्ण वेळ पगार द्यायचं ठरवलं. झालं! वर्षानुवर्षं रात्री जागून फुकट काम करणारे विचारू लागले, यांनाच का? काहींनी हात आखडता घेतला. प्रमुखांना परत बोलावण्यासाठी ठराव आला, तो नामंजूर झाला. आवृत्ती निघाली एप्रिल २००७ मध्ये. पगाराने काम वेगाने होतं हा साधा हिशेब या ठिकाणी चुकला, कारण दोघांच्या पगाराने बाकीच्यांच्या फुकट कामाला एकदम किंमत चिकटली आणि ती किंमत शून्य होती.

फ्रीबीएसडी या भावंडाला २०१४ च्या नोव्हेंबरात दहा लाख डॉलरची देणगी मिळाली. देणारा जान कूम, व्हॉट्सअॅपचा सहसंस्थापक. युक्रेनमधून आईबरोबर अमेरिकेत आलेला, सरकारी धान्याच्या कुपनांवर दिवस काढलेला मुलगा. याहूने त्याला नोकरी दिली, त्याला फ्रीबीएसडी येत होतं हे एक मुख्य कारण; कारण याहूचे सर्व्हर त्यावर चालायचे. पुढे व्हॉट्सअॅपचेही चालले. या प्रणालीने आपल्याला गरिबीतून वर काढलं, असं त्याने देणगी देताना म्हटलं.

इतका मोठा दाता भेटल्यावर दहा-दहा डॉलर देणाऱ्यांची गरजच काय, असं वाटू शकतं. गंमत म्हणजे अमेरिकी कायद्यानुसार ती असते. सार्वजनिक धर्मादाय संस्थेचा दर्जा टिकवायचा, तर उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, सर्वसाधारणपणे एक तृतीयांश, जनतेतून आलेला दाखवावा लागतो, आणि एका दात्याची मोठी रक्कम त्या हिशेबात पूर्ण धरली जात नाही. २००४ च्या सुमारास फ्रीबीएसडी फाउंडेशनवर हीच वेळ आली होती. मोजक्या मोठ्या देणग्यांनी तराजू एकीकडे झुकला आणि त्यांना लोकांना सांगावं लागलं : किती देता ते महत्त्वाचं नाही, पण पुष्कळांनी द्या. गल्लीतल्या गणपतीला हे कुणी समजावून सांगायला नको. घरोघरी फाडलेल्या एक्कावन्न रुपयांच्या पावत्यांवर उभा राहिलेला मंडप आणि एका बिल्डरच्या कमानीखाली उभा राहिलेला मंडप, यांत आरतीच्या वेळी पुढे कोण उभं राहणार हे आधीच ठरलेलं असतं.

महाराष्ट्रात बसून कुणाला ही पावती फाडावीशी वाटली, तर वाट थोडी काट्याकुट्यांची आहे. परदेशी फाउंडेशनं सहसा यूपीआय घेत नाहीत. क्रेडिट कार्डावरून एकदाच पैसे पाठवणं जमतं. दर महिन्याला आपोआप जातील अशी व्यवस्था केली की घोडं अडतं. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने अशा आवर्ती व्यवहारांसाठी ग्राहकाची आगाऊ नोंदणी आणि पूर्वसूचना सक्तीची केली. हेतू चांगला होता : नकळत कापले जाणारे पैसे थांबावेत. पण बाहेरचे लहान व्यापारी आणि संस्था या यंत्रणेत नाहीत, त्यामुळे महिना पाच-दहा डॉलर देणाऱ्या अनेकांची देणी तेव्हा गुपचूप बंद पडली. आयकरात ८०जीची सवलत परदेशी संस्थेच्या पावतीवर मिळत नाही. ओपनबीएसडी फाउंडेशन तर खुद्द कॅनडातही नोंदणीकृत धर्मादाय संस्था नाही, केवळ ना-नफा आहे. तिथल्या देणगीदारालाही करसवलत नाही. विनिमयाचा दर आणि बँकेचं शुल्क धरलं, तर वर्षातून एकदा बरी रक्कम पाठवणं हे दरमहा चिल्लर पाठवण्यापेक्षा शहाणपणाचं.

देशातल्या देशातही आता हालचाल आहे. बेंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाल कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातल्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आपला सगळा धंदा या फुकट सॉफ्टवेअरवर उभा आहे, हे त्यामागचं कारण कंपनीने उघडपणे सांगितलं. आणि मराठी माणसाला या अर्थकारणाचा लाभ कधीपासूनच होतो आहे. लिनक्सवर मराठी वाचताना वर्षानुवर्षं जो 'लोहित देवनागरी' फाँट डोळ्यांसमोर असे, त्याचं काम रेड हॅट कंपनीच्या पगारी माणसांनी केलं, त्यांत पुण्यातलेही होते. लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांपैकीही बहुतेकांना कुठली ना कुठली कंपनी पगार देते. या जगातला खरा मोठा पैसा देणगीच्या डब्यात नसतोच, तो पगारपत्रकात असतो.

डब्यातल्या पैशाने होतात ती वेगळी कामं. कुणाचं विमानाचं तिकीट निघतं म्हणून वर्षानुवर्षं फक्त ईमेलवर भेटणारे दोन प्रोग्रॅमर आठवडाभर एका टेबलाशी बसतात. कुणाला एखादा दुर्मीळ लॅपटॉप विकत घेऊन दिला जातो, कारण त्याच्यासाठीचा कोड तोच लिहू शकतो. इंटरनेट जोडणी, बिघडलेली हार्ड डिस्क, वार्षिक हिशेबतपासनीस. कुठलीही कंपनी आपल्या जाहिरातीत छापणार नाही असे खर्च.

२०१६ च्या सप्टेंबरात आलेली सहा-शून्य ही ओपनबीएसडीची सीडीवर निघालेली शेवटची नियमित आवृत्ती. ब्रॉडबँडच्या काळात सीडीची गरज संपली होती, आणि ती छापण्या-पाठवण्याचा व्याप मात्र तेवढाच राहिला होता. निरोपादाखल त्या एकाच आवृत्तीला सहा गाणी होती. आता फाउंडेशनच्या पानावर जाऊन सरळ देणगी द्यायची. हातात काही येत नाही, स्टिकरसुद्धा नाही. हा बदल हिशेबाला सोयीचा असला, तरी देणाऱ्याच्या दृष्टीने जुनी पद्धतच बरी होती. वस्तू विकत घेणाऱ्याला आपण उपकार केल्यासारखं वाटत नाही, आणि विकणाऱ्यालाही घेतल्यासारखं वाटत नाही.

देणगी दिली म्हणून हक्क तर अजिबात मिळत नाही. ओपनबीएसडीचे प्रोग्रॅमर ही प्रणाली स्वतःसाठी लिहितात, इतरांना ती वापरता येते इतकंच, आणि हे ते लपवत नाहीत. मतदान नाही, मागण्यांची यादी नाही. याचा पुरावा हवा असेल, तर वीजबिलासाठी जगभरातून पैसे आले तेच वर्ष बघावं. २०१४ च्या जुलैत त्यांनी ओपनबीएसडीमधून ब्लूटूथची सोयच काढून टाकली. तो कोड धड चालत नव्हता, सांभाळणारं कुणी नव्हतं, आणि न सांभाळलेला कोड ठेवायचा नाही हा घरचा नियम. देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या कानात बिनतारी हेडफोन असणार. ब्लूटूथ नंतर परत आलं नाही. ज्याला हेडफोन लावायचाच असतो, तो बाजारातून यूएसबीचं एक छोटं डोंगल आणतो. ते संगणकाला आपण साधं साउंड कार्ड असल्याचं सांगतं आणि ब्लूटूथचं काय ते आपलं आपण बघून घेतं.